वाचक विचारतात : रत्नागिरी, तिथे ठेवलेली माणसे आणि तिथून निघालेली माणसे

मागील अंकात कोकणच्या सहलीविषयीचा लेख प्रसिद्ध झाला, तेव्हा जागेअभावी रत्नागिरी शहराविषयी चार-सहा ओळीच देता आल्या होत्या. त्यानंतर आलेल्या पत्रांतील बहुतेक प्रश्न याच शहराविषयीचे आहेत. समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या नागपूरकरांना एका किनाऱ्यावरच्या गावाविषयी एवढे कुतूहल असावे, याचे प्रथम आश्चर्य वाटले. पण पत्रे वाचत गेल्यावर त्यांतले धागे आपल्याच महाल, सीताबर्डी आणि वर्धा रोडपर्यंत येऊन पोहोचतात, असे दिसले. म्हणून या वेळचे सदर संपूर्णपणे रत्नागिरीसाठी राखून ठेवले आहे.

प्रश्न : थिबा राजा हा ब्रह्मदेशाचा. इंग्रजांनी त्याला अंदमानात किंवा एखाद्या भक्कम किल्ल्यात न ठेवता रत्नागिरीसारख्या लहान गावात का ठेवले? आणि त्याला राहायला राजवाडा बांधून दिला असेल, तर त्याला कैदी कसे म्हणायचे? (महाल येथील एक निवृत्त शिक्षक)

आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग आधी घेतो, कारण तिथेच बहुतेक प्रवाशांची फसगत होते. तांबूस रंगाचा तो भव्य राजवाडा पाहिला, की राजा इथे तीस वर्षे ऐषआरामात राहिला असावा, अशी समजूत करून घेऊन लोक परततात. वस्तुस्थिती अशी आहे, की थिबा एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीत उतरला आणि राजवाडा राहण्याजोगा झाला तो १९१० साली. मधली चोवीस वर्षे हे कुटुंब सरकारने ठरवून दिलेल्या बंगल्यांत, पहाऱ्यात राहिले. राजवाड्यात राजाला जेमतेम सहा वर्षे मिळाली. डिसेंबर १९१६ मध्ये तिथेच त्याचा मृत्यू झाला. आला तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता आणि गेला तेव्हा सत्तावन्न. पुन्हा मंडाले त्याने पाहिले नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. थिबाचे राज्य गेले ते विलक्षण वेगाने. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजी फौज आगबोटींतून इरावती नदीने वर चढत गेली आणि पंधरवड्याच्या आत मंडाले पडले. भांडणाचे तात्कालिक कारण सागवान हे होते. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या कंपनीने जंगलातून ठरल्यापेक्षा जास्त ओंडके काढले, असा ठपका ठेवून ब्रह्मी दरबाराने तिला जबर दंड ठोठावला आणि इंग्रजांना हवे ते निमित्त मिळाले. खरी धास्ती होती ती थिबाच्या फ्रेंचांशी चाललेल्या बोलण्यांची. १ जानेवारी १८८६ रोजी उत्तर ब्रह्मदेश इंग्रजी राज्याला जोडल्याचे जाहीर झाले. राजा, त्याच्या दोन राण्या आणि मुली यांना रंगूनमार्गे आधी मद्रासला आणि तिथून समुद्रमार्गे रत्नागिरीला आणण्यात आले.

असा कैदी कुठे ठेवायचा, हा सरकारपुढचा पेच होता. राजाला चोरा-दरोडेखोरांसारखे तुरुंगात डांबता येत नाही. मोठ्या शहरात ठेवले, तर त्याच्याभोवती माणसे गोळा होतात. आणि अगदीच ओसाड जागी नेऊन टाकले, तर लंडनच्या पार्लमेंटात प्रश्न विचारले जातात. रत्नागिरी या तिन्ही अडचणींतून वाट काढणारी जागा होती. पेशवाई बुडाल्यानंतर काही वर्षांतच दक्षिण कोकणच्या जिल्ह्याचे मुख्य ठाणे बाणकोटहून इथे आले होते, त्यामुळे कलेक्टर, सिव्हिल सर्जन, पोलीस आणि कचेरी असा सारा सरसंजाम हाताशी होता. मात्र रेल्वे नव्हती. पूर्वेला सह्याद्रीचा कडा होता, पश्चिमेला समुद्र होता, आणि पावसाळ्याचे महिने आगबोटी बंद असल्याने तो समुद्रही भिंतीसारखाच उभा राहत असे. आगबोट सुरू असतानाही ती धक्क्याला लागत नसे. खोल पाण्यात नांगर टाकून ती उभी राही आणि उतारूंना पडावात उतरवून किनाऱ्यावर आणले जाई. म्हणजे कोण आले आणि कोण गेले, हे बंदरावरच्या शिपायाच्या नजरेतून सुटणे जवळजवळ अशक्य होते. पहाऱ्याचा निम्मा खर्च निसर्गानेच वाचवला, असे म्हणावे लागते.

आपण महालात राहता, म्हणून एक गोष्ट मुद्दाम लिहितो. १८१८ साली इंग्रजांनी पदच्युत केलेल्या आप्पासाहेब भोसल्यांना नागपुरातून प्रयागकडे नेले जात असताना ते वाटेतच पहाऱ्यातून निसटले, महादेवाच्या डोंगरांत राहिले, पुढे पार उत्तरेकडे गेले आणि १८४० साली जोधपुरात वारले. पळू शकणारा राजा सरकारला किती महागात पडतो, हे नागपूरकरांना वेगळे सांगायला नको. इंग्रजांनी दिल्लीच्या बहादूरशहा जफरला समुद्रापलीकडे रंगूनला नेऊन ठेवले आणि रंगूनकडच्या राजाला समुद्रमार्गे कोकणात आणले, या अदलाबदलीमागचा हिशोब त्यावरून उमगतो.

राजवाड्याच्या बांधणीत कोकणचा जांभा दगड आणि ब्रह्मदेशी साग यांचा मेळ आहे. अर्धवर्तुळाकार खिडक्यांवरचे लाकडी नक्षीकाम जरा थांबून पाहण्यासारखे आहे. आलापल्लीचा साग माहीत असलेल्या विदर्भातल्या माणसाला त्या लाकडाची प्रत लगेच कळते. ज्या सागापायी राज्य गेले, त्याच सागाच्या खिडकीतून राजाने उरलेले आयुष्य भाट्याच्या खाडीकडे पाहत काढले, हा योगायोग कुठल्याही कादंबरीकाराने रचला असता, तर आपण तो ओढूनताणून आणलेला म्हटला असता.

सरकारी तनख्यात भागत नसल्याच्या तक्रारी राजा सतत करीत असे आणि मंडालेहून आणलेले जडजवाहीर एकेक करून विकले गेले. धाकटी राणी सुपयागले १९१२ मध्ये रत्नागिरीतच वारली. तिची आणि राजाची समाधी याच शहरात आहे. थोरली राणी सुपयालत हिला १९१९ साली रंगूनला परतता आले आणि १९२५ मध्ये तिचे निधन झाले. चार मुलींपैकी धाकटीचा जन्म १८८७ साली रत्नागिरीचाच. थोरल्या राजकन्येची कथा मात्र सर्वांत चटका लावणारी आहे. राजवाड्यावर चाकरीला असलेल्या एका स्थानिक मराठी माणसाशी तिचा संबंध जुळला, १९०६ मध्ये तिला मुलगी झाली आणि सरकारी पत्रव्यवहारात त्यावरून बरीच खळबळ माजली. कुटुंबाबरोबर ब्रह्मदेशात गेलेली ही राजकन्या पुढे रत्नागिरीलाच परत आली आणि १९४७ मध्ये ओढगस्तीत वारली. तिची मुलगी, म्हणजे थिबाची नात, मराठी बोलत, कोकणातल्या कष्टकरी बाईसारखी संसार रेटत २००० सालापर्यंत रत्नागिरीत जगली. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तत्कालीन अध्यक्ष थेन सेन यांनी रत्नागिरीत येऊन राजाच्या समाधीचे दर्शन घेतले, तेव्हा अनेक मराठी वाचकांना ही सारी कथा प्रथमच कळली.

प्रश्न : लोकमान्य टिळक रत्नागिरीचे, चिखलगावचे की पुण्याचे? आमच्या घरी या विषयावर वाद झाला आहे. (धरमपेठ येथील एक वाचक)

वादातले तिघेही आपापल्या परीने बरोबर आहेत. टिळकांचे मूळ गाव दापोली तालुक्यातील चिखलगाव. जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरी शहरात. आणि कर्मभूमी पुणे. वडील गंगाधरपंत हे शाळाशिक्षक होते आणि संस्कृत व गणितातले जाणकार म्हणून त्यांचा लौकिक होता. १८६६ साली त्यांची बदली पुण्याला झाली, तेव्हा बाळ दहा वर्षांचा होता. रत्नागिरीच्या टिळक आळीतील जन्मघर राज्याच्या पुरातत्त्व विभागाने जतन केले आहे. उतरत्या कौलारू छपराचे ते साधे कोकणी घर आहे, आणि आत गेल्यावर भव्यतेची अपेक्षा ठेवणाऱ्यांची थोडी निराशाच होते. आम्हाला मात्र हा साधेपणाच मोलाचा वाटतो, कारण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर एका शिक्षकाचे बिऱ्हाड कसे असे, हे तिथे जसेच्या तसे कळते.

आपल्या वादात नागपूरलाही एक जागा द्यावी, अशी विनंती आहे. १९०७ चे काँग्रेस अधिवेशन मुळात नागपुरात व्हायचे होते. पण इथे टिळकांच्या बाजूचा जोर इतका, की नेमस्तांनी ते सुरतेला हलवले आणि तिथे व्हायचा तो गोंधळ झालाच. पुढच्याच वर्षी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन त्यांना मंडालेला नेण्यात आले. ज्या तटबंदीच्या आत थिबाचा राजमहाल होता, त्याच तटबंदीच्या आतल्या तुरुंगात रत्नागिरीत जन्मलेले टिळक १९१४ पर्यंत होते आणि मंडालेचा राजा त्या वेळी रत्नागिरीत होता. दोघांनाही घरी सोडायला सरकार तयार नव्हते.

प्रश्न : रत्नागिरीत एका बाजूला काळी वाळू आणि दुसऱ्या बाजूला पांढरी वाळू आहे, असे आमच्या बाईंनी सांगितले. हे खरे आहे का? (हनुमाननगर येथील इयत्ता आठवीची विद्यार्थिनी)

अगदी खरे आहे. मांडवीच्या किनाऱ्याला तिथे काळा समुद्र म्हणतात आणि पलीकडच्या किनाऱ्याला पांढरा समुद्र. दोहोंच्या मध्ये रत्नदुर्ग किल्ल्याचे भूशिर समुद्रात शिरलेले आहे, त्यामुळे इकडची वाळू सहजासहजी तिकडे जात नाही. सह्याद्रीचा काळा बेसाल्ट खडक झिजून त्यातील लोह आणि टायटॅनियम असलेली जड खनिजे नद्यांबरोबर खाली येतात. त्यांतले इल्मेनाइट हे खनिज रत्नागिरीच्या किनाऱ्यावर विशेष आढळते आणि त्यानेच वाळू काळी दिसते. पांढऱ्या बाजूला शंखशिंपल्यांच्या चुऱ्याचा वाटा मोठा आहे. तिथे जाशील तेव्हा एक लोहचुंबक कागदात गुंडाळून काळ्या वाळूवरून फिरवून पाहा; कागदाला बारीक काळ्या कणांची दाढी फुटलेली दिसेल. कागद विसरू नकोस, नाहीतर चुंबक स्वच्छ करता करता सुट्टी संपेल.

प्रश्न : सावरकर रत्नागिरीत तेरा वर्षे स्थानबद्ध होते. त्या काळातील त्यांच्या कार्याचे मूल्यमापन आज कसे करावे? पतितपावन मंदिराचे इतके महत्त्व का सांगितले जाते? (रेशीमबाग येथील एक वाचक; याच आशयाचे पण नेमके उलट बाजूने लिहिलेले एक पत्र इंदोऱ्याहूनही आले आहे)

दोन्ही पत्रे एकत्र घेतो, कारण दोन्ही पत्रलेखकांनी एकमेकांचे पत्र वाचावे, अशी आमची इच्छा आहे.

प्रथम घटनाक्रम पाहू. अंदमानातून १९२१ साली परत आणल्यावर सावरकरांना काही काळ रत्नागिरीच्याच तुरुंगात आणि नंतर येरवड्याला ठेवले होते. याच सुमारास लिहिलेला त्यांचा हिंदुत्वावरील इंग्रजी ग्रंथ १९२३ मध्ये ‘अ मराठा’ या टोपणनावाने प्रसिद्ध झाला, आणि तो प्रसिद्ध झाला नागपुरातून. जानेवारी १९२४ मध्ये दोन अटींवर त्यांची सुटका झाली : रत्नागिरी जिल्ह्याबाहेर परवानगीशिवाय जायचे नाही आणि राजकारणात भाग घ्यायचा नाही. अट मुळात पाच वर्षांची होती. ती वाढत वाढत मे १९३७ पर्यंत गेली. शहरात प्लेगची साथ आली, तेव्हा ते जवळच्या शिरगावात राहत होते. १९२५ साली डॉ. हेडगेवार त्यांना तिथे भेटून गेले आणि त्याच वर्षीच्या विजयादशमीला नागपुरात संघाची स्थापना झाली. १९२७ मध्ये रत्नागिरीला आलेल्या गांधीजींनीही त्यांच्या घरी जाऊन भेट घेतली होती. इतक्या आडबाजूच्या गावी ही माणसे खास वाट वाकडी करून जात होती, ही गोष्टच त्या काळाविषयी बरेच काही सांगते.

राजकारणाचे दार बंद असल्याने सावरकरांनी सामाजिक सुधारणेचे दार ठोठावले. शाळांतून सर्व जातींच्या मुलांनी सरमिसळ बसावे यासाठी आग्रह धरणे, सर्वांच्या घरच्या स्त्रियांना बोलावून हळदीकुंकू करणे, सहभोजने घालणे, सर्व हिंदूंसाठी खुले उपाहारगृह चालवणे असा तो कार्यक्रम होता. रोटीबंदी, बेटीबंदी, स्पर्शबंदी यांसारख्या सात बेड्या हिंदू समाजाने स्वतःच पायांत घालून घेतल्या आहेत, अशी त्यांची मांडणी होती. सनातन्यांच्या विरोधाला तोंड देत हे चालले होते. रत्नागिरीसारख्या गावात, जिथे प्रत्येकाला प्रत्येकाचे घर, आळी आणि जात ठाऊक असते, तिथे ते करणे मोठ्या शहरापेक्षा कठीण असते.

पतितपावन मंदिराचा पाया मार्च १९२९ मध्ये घातला गेला आणि २२ फेब्रुवारी १९३१ रोजी शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांच्या हस्ते लक्ष्मीनारायणाची प्रतिष्ठापना झाली. सर्व जातींच्या हिंदूंना गाभाऱ्यापर्यंत जाऊन पूजा करता यावी, हा त्याचा उद्देश होता. या कथेत ज्यांचे नाव हटकून मागे पडते, ते दानशूर भागोजीशेठ कीर. भंडारी समाजातील या गरीब घरच्या मुलाने मुंबईत बांधकामाच्या व्यवसायात पैसा कमावला आणि तो दोन्ही हातांनी दिला. दादरला शिवाजी पार्कजवळची हिंदू स्मशानभूमी हे त्यांचेच काम. रत्नागिरीत त्यांनी भागेश्वराचे मंदिर बांधले. पण तिथे स्वतःच्या हाताने पूजा करण्याची मोकळीक त्यांना मिळाली नाही आणि त्या सलातून पतितपावनाची कल्पना पुढे आली, असे गावातले लोक सांगतात. मंदिराचा खर्च भागोजींनी उचलला. पतितपावनाच्या आवारात उभे राहून सावरकरांचे नाव घेणाऱ्याने भागोजींचे नाव त्याच दमात घ्यावे, हे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

इंदोऱ्याच्या पत्रलेखकांचा आक्षेप असा आहे, की जुन्या देवळांची दारे उघडण्याऐवजी सर्वांसाठी एक वेगळे देऊळ बांधणे म्हणजे मूळ प्रश्नाला बगल देणे होय. हा आक्षेप हलका नाही. ज्या वर्षी गांधीजी रत्नागिरीला गेले, त्याच १९२७ मध्ये बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी हाती घेतले होते, आणि आपल्याकडे अमरावतीत अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाची चळवळ उभी राहिली होती. तिथे मागणी हक्काची होती, आणि हक्क जुन्याच तळ्यावर, जुन्याच देवळात मागितला गेला होता. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे हे रत्नागिरी जिल्ह्यातलेच, मंडणगड तालुक्यातले. आणि ते ज्या निष्कर्षाला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात आले, तो मंदिराच्या पार पलीकडचा होता. आमचे मत विचाराल, तर पतितपावन मंदिर हे त्या काळच्या सवर्ण समाजाने स्वतःच्या घरात केलेल्या झाडलोटीचे धाडसी उदाहरण आहे. ज्यांना घराबाहेर ठेवले होते, त्यांच्या लढ्याची जागा ते घेऊ शकत नाही. रेशीमबागेच्या वाचकांना यातला उत्तरार्ध आणि इंदोऱ्याच्या वाचकांना पूर्वार्ध रुचणार नाही, याची कल्पना आहे.

प्रश्न : कवी केशवसुत नागपुरात शिकले होते, असे कुठेतरी वाचले. ते तर रत्नागिरीकडचे ना? (रामदासपेठ येथील मराठीच्या एक प्राध्यापिका)

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. कृष्णाजी केशव दामले यांचा जन्म १८६६ चा, मालगुंडचा. गणपतीपुळ्याच्या पुढे लागणारे हे गाव रत्नागिरीहून आरे-वारेच्या किनारी रस्त्याने गाठता येते. घरची ओढाताण असल्याने शिक्षण मात्र फिरस्तीत झाले. कधी खेड, कधी बडोदे, मग वर्ध्याला मामांकडे आणि तिथून नागपूर, असे करत करत ते पुण्याला पोहोचले. नागपुरातील वास्तव्यात त्यांचा ना. वा. टिळकांशी परिचय झाला, असे चरित्रकार नोंदवतात. टिळक तेव्हा रेव्हरंड झालेले नव्हते, आणि तेही रत्नागिरी जिल्ह्यातल्याच करजगावचे. मराठी कविता बदलून टाकणारे एक कोकणी पोर आणि पुढे तिच्यात स्वतःची वेगळी वाट काढणारा दुसरा कोकणी तरुण, यांची गाठ संत्र्यांच्या गावी पडली, हे आपल्या साहित्यवर्तुळात फारसे बोलले जात नाही. आपण प्राध्यापिका आहात, तेव्हा हा धागा एखाद्या विद्यार्थ्याच्या हाती जरूर द्यावा.

केशवसुत शिक्षकी पेशातच राहिले आणि १९०५ च्या नोव्हेंबरात हुबळीला प्लेगने गेले. वय चाळिशीच्या आत, कविता दीडशेच्या आत. मालगुंडला कोकण मराठी साहित्य परिषदेने उभारलेल्या स्मारकाचे उद्घाटन १९९४ मध्ये कुसुमाग्रजांच्या हस्ते झाले. तिथे जपलेले जन्मघर आणि सारवलेली जमीन पाहताना टिळक आळीतल्या घराची आठवण होते.

प्रश्न : महर्षी कर्वे, पां. वा. काणे, गोखले हे सारे रत्नागिरीचे म्हणतात. एकाच शहरात एवढी माणसे कशी? (त्रिमूर्तीनगर येथील एक वाचक)

हे सारे जिल्ह्याचे, शहराचे नव्हेत. कर्वे मुरुडचे, गोखल्यांचा जन्म गुहागर तालुक्यातल्या कोतळूकचा, आणि काणे चिपळूणच्या बाजूचे. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये वेगळा होण्यापूर्वी तर रत्नागिरी जिल्ह्याची हद्द आणखी लांब होती. जमीन तुटपुंजी, कातळ फार, उत्पन्न पुरेना. म्हणून पोराने शिकून बाहेर पडणे हाच घर तगवण्याचा मार्ग होता. कर्व्यांनी लहानपणी परीक्षेसाठी मुरुडहून घाट चढून साताऱ्यापर्यंत पायपीट केली आणि तिथे पोहोचल्यावर ‘वय लहान दिसते’ म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले नाही. तेच कर्वे १९५८ मध्ये भारतरत्न झाले आणि काणे १९६३ मध्ये. लालबाग-परळच्या गिरण्यांत गेलेले हजारो चाकरमानी याच वाटेने गेले. त्यांची चरित्रे कुणी लिहिली नाहीत, त्यांच्या मनीऑर्डरींवर गावे मात्र चालली.

प्रश्न : वर्ध्याकडे जाताना ‘रत्नागिरी-नागपूर महामार्ग’ असे आपण नेहमी ऐकतो. खरोखरच तो रस्ता रत्नागिरीला पोहोचतो का? आणि दोन-तीन दिवसांत तिथे इतिहासाच्या दृष्टीने काय पाहावे? (प्रतापनगर येथील एक कुटुंब)

रस्ता खरोखरच पोहोचतो. बुटीबोरीहून वर्धा, यवतमाळ, नांदेड, लातूर, तुळजापूर, सोलापूर, सांगली, कोल्हापूर असे करत तो आंबा घाट उतरतो, हातखंब्याला मुंबई-गोवा महामार्ग ओलांडतो आणि रत्नागिरीत शिरतो. अंतर सुमारे साडेनऊशे किलोमीटर आहे. लहान मुले बरोबर असतील, तर वाटेत मुक्काम करावाच. रेल्वेने जायचे तर कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर १९९८ पासून धावते आहे. रत्नागिरीजवळचा साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा आणि पानवल नदीवरचा साठ मीटरहून उंच पूल पाहिला, म्हणजे शंभर वर्षे इथे गाडी का आली नव्हती, याचे उत्तर खिडकीतच मिळते.

मुक्कामात रत्नदुर्गाला पहिली सकाळ द्यावी. घोड्याच्या नालासारखा हा किल्ला तीन बाजूंनी समुद्राने वेढलेला आहे; तो बहामनी काळातला असून १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी आदिलशहाकडून घेतला. आत भगवतीचे देऊळ आहे, एका टोकाला दीपगृह आहे, आणि वरून खाली मिरकरवाड्याचे मासेमारी बंदर दिसते. मासळीचा लिलाव पाहायचा असेल, तर जून-जुलैत जाऊ नये, कारण तेव्हा मासेमारी बंद असते. दुसरा दिवस मालगुंड आणि आसपासच्या कातळशिल्पांसाठी ठेवता येईल. जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, कोरलेली ही प्रागैतिहासिक चित्रे २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. उक्षीचा हत्ती पाहणे सोपे आहे. कशेळीचा हत्ती इतका प्रचंड आहे, की पायांशी उभे राहिले तर तो हत्ती आहे हे समजतच नाही, थोडे उंचावर जावे लागते. काटोल रस्त्यावरची जुनापाणीची शिळावर्तुळे आपण अद्याप पाहिली नसतील, तर निघण्यापूर्वी तीही एकदा पाहून घ्यावीत. दगडाशी बोलणारी माणसे आपल्याकडेही होती.

एप्रिल-मे मध्ये गेलात, तर हापूस मिळेल, पण उकाडा नागपूरच्या उन्हाळ्याहून वेगळा आणि घामट आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ आम्ही सुचवू. थिबा राजवाड्यातील संग्रहालय सोमवारी बंद असते; तो दिवस टिळक आळी, पतितपावन मंदिर आणि मांडवीच्या धक्क्यासाठी ठेवावा, आणि राजवाडा मंगळवारी सकाळी, शाळांच्या सहली येण्यापूर्वी पाहावा.